घड्याळवाल्या काकांचा बोर्ड : जुन्या बोर्डाला नवी बाजू करताना

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज पाहुणे कुणी नाहीत, आज मीच बोलणार आहे. जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतो : मी कोल्हापुरात बोर्ड रंगवतो. फ्लेक्स छापत नाही, ब्रशनं अक्षरं लिहितो. हे काम अजून चालतं का, असं लोक विचारतात. चालतं. पूर्वीसारखं नाही, पण चालतं.

तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एक प्रश्न येतो : "दादा, जुना बोर्ड खराब झाला तर तसाच्या तसा नवा करता येतो का?" येतो. पण 'तसाच्या तसा' म्हणजे नक्की कसा, हे आधी ठरवावं लागतं. हे मला एका बोर्डानं शिकवलं, आणि शिकवणीची फीसुद्धा घेतली. आज तोच किस्सा.

एक बोर्ड, दोन बाजू

आमच्याकडं एक घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. जेमतेम सहा फूट रुंद. त्याचा बोर्ड दुकानाच्या कपाळावर नाही, भिंतीला काटकोनात लावलेला आहे. म्हणजे रस्त्यानं येणाऱ्याला एक बाजू दिसते आणि जाणाऱ्याला दुसरी. सागवानी चौकट, दोन्ही बाजूंना पत्रा ठोकलेला. लाल जमीन, म्हणजे मागचा रंग लाल. त्यावर क्रीम रंगाची अक्षरं, अक्षरांना काळी सावली. वर मालकांचं आडनाव, खाली 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील' आणि कोपऱ्यात 'स्थापना १९६८'.

हा बोर्ड रंगवला होता १९८९ साली, माझ्या वस्तादांनी. तालमीतल्या गुरूला आम्ही वस्ताद म्हणतो, आणि ज्यांच्याकडं मी ब्रश धरायला शिकलो त्यांनाही तेच म्हणतो. आता ते काम करत नाहीत. हात थरथरतो.

दुकानाच्या काकांनी मला बोलावलं. म्हणाले, "पेंटर, एक बाजू गेली बघा."

खरंच गेली होती. दक्षिणेकडची बाजू. पत्र्याला गंज लागून भोकं पडलेली, निम्मी अक्षरं गायब. उत्तरेची बाजू मात्र फिकी, मळकी, पण धडधाकट. एकाच दिवशी जन्मलेली दोन भावंडं, एक म्हातारं झालेलं आणि एक नुसतं पिकलेलं.

असं का होतं बघा. वर्षातले बहुतेक महिने सूर्य आपल्याकडं दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणेचं तोंड ऊन खातं. आणि आपला पाऊस येतो नैर्ऋत्येकडून, म्हणजे झडही त्याच तोंडावर. ऊन रंग फोडतं, पाणी त्या फटीतून पत्र्यापर्यंत जातं. पस्तीस वर्षं हे चाललं होतं.

काकांची मागणी सरळ होती. "ही उत्तरेची बाजू राहू दे. गेलेली बाजू नवी करा. पण दोन्ही सारख्या दिसल्या पाहिजेत. नवी म्हणून ओळखू येता कामा नये."

मी म्हटलं, "होऊन जाईल काका." दोन हजार सांगितले. वस्तादांच्याच हाताचा बोर्ड, मी त्यांचाच चेला. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

एकाच बोर्डावर तीन लाल

मी सगळं लक्ष घातलं रंगात. आणि रंगाचं काम मी चांगलं केलं, ते आधी सांगतो, कारण तुमच्यातल्या काहींना ते करून बघायचंय.

पहिलं म्हणजे जुना बोर्ड धुवायचा. साधा साबण, पाणी, मऊ फडकं. घासायचं नाही. निम्मं म्हातारपण नुसती धूळ आणि धूर असतो. तो न काढता रंग जुळवला, तर तुम्ही धुळीशी रंग जुळवताय.

जुना रंग कधी कोरडा घासू नका. हे खरंच लक्षात ठेवा. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या रंगांत, शिसं असायचं. आपल्याकडं घरगुती रंगांसाठी नियम झाले २०१६ साली आणि लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून : दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको. त्याआधीच्या रंगाची पूड नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. ओलं काम करायचं, मास्क लावायचा, लहान मुलांना लांब ठेवायचं.

बोर्ड धुतल्यावर उत्तरेच्या बाजूवर हात फिरवला तर बोटाला लालसर पूड लागली. रंगात दोन गोष्टी असतात : रंगद्रव्य, आणि त्याला धरून ठेवणारं तेल. उन्हानं ते तेल मोडतं. मग रंगद्रव्य वर सुटं पडून राहतं आणि बोर्ड पांढुरका दिसतो. आता त्याच जागी ओलं बोट लावा. लाल एकदम गडद होतो, वाळला की परत फिका. म्हणजे रंग जितका उडालाय असं वाटतं, तितका उडालेला नसतो.

मग मी चौकटीची एक पट्टी हळूच उचकटली. पट्टीखाली ऊन कधी गेलंच नव्हतं. तिथं होता १९८९ चा लाल. चकचकीत, कुंकवासारखा.

म्हणजे एका बोर्डावर तीन लाल झाले. पट्टीखालचा, ओल्या बोटाखालचा आणि वरचा फिका. यातला कुठला जुळवायचा? तेव्हा मला हा प्रश्न पडलासुद्धा नाही. काकांनी सांगितलं होतं, सारखं दिसलं पाहिजे. म्हणून मी सरळ वरचा फिका लाल जुळवला.

लाल फिका करायचा तर पांढरा घालावा, असं वाटतं. घालून बघा, गुलाबी होईल. काळा घातला तर मरून होईल. उन्हानं उडालेला लाल वेगळा असतो. मी लालमध्ये थोडा रेड ऑक्साइड घेतला, म्हणजे आपल्या गेरूचाच भाऊ. मग ब्रशच्या टोकानं हिरव्याचा ठिपका. हो, हिरवा. लालची ऐट उतरवायची तर त्याच्या विरुद्धचा रंग लागतो. आणि सगळ्यात शेवटी अगदी जरासा पांढरा.

प्रत्येक मिश्रण पत्र्याच्या तुकड्यावर लावायचं, रात्रभर वाळू द्यायचं आणि मगच बघायचं. ओला ऑइल पेंट एक दिसतो, वाळल्यावर दुसरा. आणि बघायचं कुठं? ट्यूबलाइटखाली नाही. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उजेडात वेगळे दिसू शकतात. साडी खरेदी करताना घरातल्या बायका पदर घेऊन दुकानाच्या दारात का जातात, ते आठवा. सकाळी दहा-अकराला, सावलीत बघायचं. एका पांढऱ्या कागदाला दोन भोकं पाडायची, एकाखाली जुना रंग, दुसऱ्याखाली नवा. बाजूचे रंग दिसत नाहीत, त्यामुळं डोळा फसत नाही.

आणि फोनच्या फोटोवरून रंग जुळवू नका. तुमचा कॅमेरा हुशार आहे. तो पांढरं काय असावं ते स्वतःच ठरवतो आणि बाकीचे रंग त्याप्रमाणं हलवतो. त्याच बोर्डाचे सकाळी आणि संध्याकाळी फोटो काढा, दोन वेगळे लाल मिळतील.

सगळेच रंग सारख्या वेगानं उडत नाहीत, हेही ध्यानात ठेवायचं. सलूनच्या काचेवर हिरोंचे फोटो बघितलेत ना, पार निळे पडलेले? त्या छपाईतला पिवळा आणि गुलाबी उन्हानं आधी जातो, निळा-काळा मागं राहतो. पाटीवरही तसंच. आमच्या बोर्डावर लाल उतरला होता, क्रीम मळलं होतं, पण काळी सावली होती तशी. काजळीचा काळा सहसा हार मानत नाही.

नवा पत्रा मी जस्ताचा घेतला. जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला तर काही वर्षांत पापुद्रे निघतात, कारण रंगातल्या तेलाची आणि जस्ताची खाली आपापसात कारागिरी चालते. म्हणून आधी जस्तावर चालणारा एच प्रायमर. मग जमीन, मग अक्षरं, मग सावली. शेवटी चकाकी मारायला एकदम बारीक वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात बुडवून, फुलासारखा हलक्या हातानं.

नऊ दिवस गेले. रंग असा जुळला की मी स्वतःच खूश.

"हे आमचं नाही"

नवी बाजू ठोकली. काका रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

मग म्हणाले, "छान झालंय. पण हे आमचं नाही."

मी म्हटलं, "काका, रंग बघा ना. चला, त्या बाजूला जाऊन परत या."

"रंगाचं काही नाही ओ. रंग बरोबर आहे."

"मग?"

"ते मला सांगता येत नाही. पण आमचं नाही."

आता यावर काय बोलणार? मला राग आला, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, दोन्ही बाजू एका वेळी दिसत तरी कुणाला? इकडून येताना एक दिसते, तिकडून येताना दुसरी. शेजारी ठेवून कुणी बघणारच नाही. मग हे कशाशी ताडून बघतायत?

घरी जाताना उत्तर सापडलं. आठवणीशी. रोज सकाळी काका दक्षिणेकडून येतात. दुकान उघडायच्या आधी त्यांना हीच बाजू दिसते, पस्तीस वर्षं. त्यांच्या डोक्यात रंगाचा नंबर नाही. दुसरंच काहीतरी आहे, आणि ते माझ्या बोर्डात नाही.

जुना पत्रा कुठाय?

दुसऱ्या दिवशी वस्तादांना गाडीवर बसवून आणलं. ते बोर्डाकडं बघायच्या आधी मला म्हणाले, "जुना पत्रा कुठाय?"

"भंगारात टाकायला ठेवलाय."

"टाकलास का ठेवलाय?"

"ठेवलाय."

"मग वाचलास."

पत्रा माझ्या दुकानामागं पडला होता. आणून भिंतीला टेकवला. मला त्यावर फक्त गंज दिसत होता. वस्ताद म्हणाले, "तुझ्या फोनची बत्ती लाव. समोरनं नको. पत्र्याला चिकटवून, कडेनं."

टॉर्च कडेनं लावली आणि अक्षरं उभी राहिली. जिथं रंग पार उडाला होता, तिथंसुद्धा. जमिनीवर अक्षराचे दोन हात जास्त बसलेले असतात. तेवढी जास्तीची जाडी पत्र्याला जपते. म्हणून अक्षराच्या जागी गंज कमी, आजूबाजूला जास्त. गंजानंच अक्षरं लिहून ठेवली होती.

आणि मग मला दिसलं. या बाजूवर 'मिळतील' हा शब्द ऐसपैस बसलेला होता. उत्तरेच्या बाजूवर तोच शब्द दाबलेला आहे, शेवटचा 'ल' पार चौकटीला टेकलाय.

मी विचारलं, "वस्ताद, हे वेगळं कसं?"

म्हणाले, "ती बाजू आधी केली. जागा कमी पडली. ही नंतर केली, तवा अंदाज आला होता. दोन बाजू सारख्या होत्या कधी?"

मंडळी, मी ज्या सारखेपणासाठी नऊ दिवस घालवले, तो मुळात नव्हताच. हातानं लिहिलेल्या दोन बाजू, दोन वेळा लिहिलेल्या. मी काय केलं होतं? उत्तरेची बाजू बघून मापं घेतली, आणि वर शहाणपणा करून 'मिळतील' जरा सुटा केला, ओळ सरळ केली, अक्षरांमधली अंतरं सारखी केली. म्हणजे नवी बाजू उत्तरेसारखीही झाली नाही आणि दक्षिणेसारखीही. ती माझ्यासारखी झाली.

वस्तादांनी माझ्या बोर्डाकडं बोट केलं. "हा ल कुणाचा?"

बघतो तर मी दंडाचा 'ल' लिहिला होता. हिंदीत असतो तसा.

आता हे जरा समजून घ्या. मराठीत आपला 'ल' पाकळ्यांचा असतो, दोन गोल पाकळ्या आणि मध्ये दांडी. 'श' देठाचा असतो. महाराष्ट्र शासनानं २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यातही हीच रूपं मराठीची म्हणून सांगितली. पण फोनवर, कॉम्प्युटरवर बऱ्याच फॉन्टमध्ये दंडाचा 'ल' येतो. आत्ता हा मजकूर ज्या स्क्रीनवर वाचताय तिथला 'ल' बघा, कुठला आहे तो. मी पण दिवसभर तेच वाचतो. हात कधी बदलला मला कळलंच नाही.

काकांनाही ते सांगता आलं नव्हतं. कोण घड्याळजी सांगेल की तुमचा 'ल' चुकलाय? पण रोज सकाळी बघितलेलं अक्षर बदललं की माणसाला खुपतं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं लिहिली, ती लोकांनी अक्षराच्या वळणावरूनच ओळखली. नावाच्या आधी वळण पोचतं. काकांच्या सहा फुटी दुकानाला हाच नियम.

दुसऱ्यांदा

नवा पत्रा, नवा प्रायमर. पैसे अर्थातच माझे.

या वेळी सुरुवात अक्षरांपासून केली. जुन्या पत्र्यावर बटर पेपर चिकटवला. एकानं टॉर्च कडेनं धरायची, दुसऱ्यानं पेन्सिलीनं गिरवायचं. काकांचा कॉलेजात जाणारा नातू टॉर्च धरायला आला होता. जिथं पत्र्याला भोकच पडलं होतं, तिथं अक्षराचा आकार उत्तरेच्या बाजूवरून घेतला, पण जागा दक्षिणेच्या पत्र्यावरची ठेवली. जे उरलंय त्यावर विश्वास, जे गेलंय त्यासाठी भावंडाची मदत.

मग त्या कागदावर रेघांच्या कडेनं सुईनं टोचे मारले, कागद नव्या पत्र्यावर लावला आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेली खडूची पूड वरून थोपटली. रांगोळीचा भोकांचा कागद असतो ना, तेच तंत्र. कागद उचलला की ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटतं.

इथं मी दुसरी चूक करणारच होतो. ठिपक्यांच्या आत रंग भरायला घेतला. वस्ताद मागं खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "भरतोयस काय? भरतकाम आहे का? रेघ ओढ."

गिरवून भरलेलं अक्षर मेलेलं दिसतं. कड बरोबर असते, पण त्यात वेग नसतो. ब्रश जिथं टेकतो तिथं रेघ जाड होते, वळताना बारीक होते, सुटताना टोक निघतं. ठिपके फक्त जागा सांगतात. रेघ एका दमात यायला पाहिजे.

पण कुठली रेघ आधी? तेही टॉर्चनंच सांगितलं. उत्तरेच्या बाजूवर कडेनं उजेड टाकला तर दिसलं की शिरोरेघेचा रंग प्रत्येक दांडीच्या वरून गेलाय, तिथं बारीक उंचवटा आहे. म्हणजे वस्ताद दांड्या आधी मारायचे आणि वरची रेघ शेवटी, एका झटक्यात. मी उलटं करतो. त्यांना विचारलं, तर त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. पत्र्याला आठवत होतं.

दोन दिवस मी जुन्या वर्तमानपत्रांवर 'ळ' आणि 'ल' काढत बसलो. या एका ओळीत 'ळ' दोनदा येतो, 'घड्याळे'मध्ये आणि 'मिळतील'मध्ये, आणि वस्तादांचे दोन्ही 'ळ' एकसारखे नाहीत. पहिल्याचं पोट मोठं आहे. ते तसंच ठेवलं.

कुठल्या दिवसाशी जुळवायचं?

आता राहिला रंग. तयार मिश्रणाचा डबा भरलेला होता, पण मी तो वापरला नाही.

विचार करा. नवी बाजू दक्षिणेला जाणार. तिथं ऊन जास्त, पाऊस जास्त. आज मी तिला उत्तरेच्या फिक्या बाजूइतकी फिकी केली, तर ती तिथून पुढं आणखी फिकी होत जाणार, आणि उत्तरेपेक्षा वेगानं. म्हणजे जुळलेपण एक-दोन पावसाळे टिकणार, मग परत फरक. आज अगदी सारखं दिसावं म्हणून केलेलं काम उद्या बिघडण्यासाठीच केलेलं असतं.

म्हणून या वेळी मी तीन लालांपैकी मधला घेतला. ओल्या बोटाखालचा. आज तो उत्तरेपेक्षा जरा गडद आहे, पण त्याच घराण्यातला आहे. चार पावसाळे खाल्ले की तो आपोआप जवळ येईल. चकाकी मात्र मारली, कारण जुन्याच्या मागं चकचकीत नवं आलं की ते नवऱ्यामुलासारखं दिसतं.

गंज रंगवला नाही. ओरखडे काढले नाहीत. काकांचा नातू म्हणाला होता, "दादा, थोडा रस्ट इफेक्ट द्या ना, भारी दिसेल." मला ते काम येतं. हॉटेलवाले, कॅफेवाले मागतात, मी करून देतो. आणि नव्याचं जुनं करणं ही आमच्या गावाची जुनी कला आहे. बाबूराव पेंटर सिनेमाकडं वळायच्या आधी नाटकांचे पडदेच रंगवत होते, आणि पडद्यावरचा वाडा कधी कालचा दिसत नाही. पण तिथं प्रेक्षकाला माहीत असतं की हे नाटक आहे. दुकानाचा बोर्ड हे नाटक नाही. त्याला जे ऊन लागलंच नाही, ते मी ब्रशनं लावायचं नाही, असं मी ठरवलं.

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या लोकांनी यावर भरपूर विचार केलाय. इटलीत, रोममध्ये, १९४० च्या दशकात चेझारे ब्रांदी यांच्या संस्थेत एक पद्धत तयार झाली. चित्राचा गेलेला भाग बारीक बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून बघितलं तर चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात आणि कळतं की हे नंतरचं आहे. म्हणजे बघणाऱ्याला त्रास नाही आणि फसवणूकही नाही.

मी रेघा नाही मारल्या. मी पत्र्याच्या मागच्या बाजूला, जी चौकटीत झाकली जाते, तिथं ऑइल पेंटनं लिहिलं : ही बाजू पहिल्यांदा कधी रंगवली, दुसऱ्यांदा कधी, खाली कुठला प्रायमर आहे, लालात काय काय मिसळलंय, आणि 'अक्षरं जुन्या पत्र्यावरून घेतली'. पुढं कधीतरी कुणी पेंटर ही बाजू उचकटेल. त्याला भंगारात शोधायला लागू नये.

आणि जुना गंजका पत्रा? तो काकांनी दुकानात आत, भिंतीला लावून ठेवलाय. विकला नाही.

मग पुढं?

नवी बाजू परत ठोकली. काका रस्त्यापलीकडं गेले. या वेळी फार वेळ उभे राहिले नाहीत. परत आले, शटर वर केलं आणि कामाला बसले. दुपारी चहा पाठवला. एवढंच. पण 'आमचं नाही' म्हणाले नाहीत. आणि रंग जरासा गडद आहे, हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही, किंवा आलं असेल तर बोलले नाहीत.

वस्तादांना आठवड्यानं नेलं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. मी वाट बघतोय, आता काहीतरी बोलतील. म्हणाले, "सावली जाड झालीय तुझी."

बरोबर होतं. झालीय. पुढच्या वेळी.

तर मंडळी, हिशोब असा : दोन हजारांचं काम, दोन पत्रे, तीन आठवडे. पैशात मी तोट्यात गेलो. पण आता कुणी जुना बोर्ड घेऊन आलं, की मी रंगाचा डबा उघडायच्या आधी तीन गोष्टी विचारतो. जुना पत्रा कुठाय? हा बोर्ड कोण रोज बघतं, आणि कुठल्या बाजूनं? आणि तुम्हाला तो आजच्यासारखा पाहिजे, का पुढची वीस वर्षं पाहिजे?

तुमच्यासाठी एक काम देतो. तुमच्या गावात, गल्लीत हातानं लिहिलेला एखादा बोर्ड उरला असेल. गिरणीवर, सायकलच्या दुकानावर, शाळेच्या भिंतीवर. त्याचा फोटो काढा, पण अगदी समोरून, वाकडा नको. शेजारी एक फूटपट्टी धरा, म्हणजे अक्षराची उंची पुढं कुणालाही काढता येईल. अंधार पडल्यावर मालकांना विचारून टॉर्च कडेनं लावून आणखी एक फोटो काढा. कुणी लिहिलाय ते विचारून टिपून ठेवा. रंगाची चिंता करू नका. रंग परत करता येतो. वळण गेलं की ते विचारायला माणूस उरत नाही.

आणि हो, त्यातला 'ल' कुठला आहे, ते मला नक्की कळवा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, जुना पत्रा भंगारात टाकू नका. नमस्कार!